जमिनीचा भार आणि पाण्याचा आधार

गेल्या उन्हाळी सुट्टीनंतर शाळा उघडली आणि पहिल्याच आठवड्यात नववीच्या वर्गात एक वाद उपस्थित झाला. वर्गातील एक विद्यार्थी सुट्टीभर रोज सकाळी जलतरण तलावावर जात होता. त्याचे म्हणणे असे की, पोहण्यासारखा व्यायाम दुसरा नाही. ज्याला पोहता येते त्याने धावण्याच्या अगर जोर-बैठकांच्या खटाटोपात पडण्याचे कारणच नाही. दुसरा आमच्या खो-खोच्या संघातला गडी. आजोबांच्या बरोबर तो रोज पहाटे सूर्यनमस्कार घालतो. तो म्हणाला, "पाण्यात अंग हलके होते हे तर सर्वांनाच ठाऊक आहे. मग जेथे अंगच हलके, तेथे मेहनत ती कसली?" एवढे बोलून दोघेही माझ्या तोंडाकडे पाहू लागले. मी पडले भाषेची शिक्षिका. शरीरशास्त्र हा काही माझा प्रांत नव्हे. "बाईंना उत्तर येत नाही," असे कोणी म्हणण्यापूर्वीच मी मुदत मागून घेतली. विज्ञान शिकविणाऱ्या सहकाऱ्यांना त्रास दिला, पुस्तके चाळली, आणि जे हाती लागले ते आज येथे सादर करीत आहे.

प्रथम खो-खोपटूच्या प्रश्नाकडे वळू, कारण साऱ्या वादाची किल्ली त्यातच आहे. पाण्यात अंग हलके होते हे अगदी खरे. आर्किमिडीजचा सिद्धांत तुम्ही शिकलाच आहात. पाण्यात बुडालेली वस्तू जेवढे पाणी बाजूस सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतके बल तिला वर ढकलीत असते. यालाच आपण प्लावक बल म्हणतो. मनुष्यदेहाची घनता पाण्याच्या घनतेच्या अगदी जवळपास असल्याने हे बल आपला बहुतेक भार उचलून धरते. कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले तर पायांवर निम्माच भार उरतो आणि गळ्यापर्यंतच्या पाण्यात सुमारे दहावा हिस्सा. म्हणजे ४० किलो वजनाच्या मुलाचे पाय त्या वेळी अवघे ४ किलोच पेलीत असतात.

परंतु पाणी एका हाताने जे देते ते दुसऱ्या हाताने वसूल करते. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट आहे. हवेतून हात फिरविताना आपल्याला विरोध जाणवतही नाही. पाण्यात मात्र प्रत्येक हात मारताना समोरचे पाणी हटवावे लागते. शिवाय या विरोधाचा एक मोठा चमत्कारिक नियम आहे. वेग दुप्पट केला की विरोध दुपटीने न वाढता सुमारे चौपट होतो. त्यामुळे पाणी हा जणू एक न्यायी तालीममास्तर आहे. हळू हात मारणाऱ्या बालकाला तो हळुवारपणे अडवितो आणि जोर करणाऱ्या जवानाला तितक्याच जोराने. पाण्याचा हा विरोध किती, हे दोन आकड्यांवरून ध्यानात येईल. २००९ साली बर्लिन येथे उसेन बोल्ट १०० मीटर अंतर ९.५८ सेकंदांत धावला. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये चीनच्या पान झानले याने तेच १०० मीटर अंतर ४६.४० सेकंदांत पोहून विश्वविक्रम केला. दोघेही आपापल्या विद्येतील शिरोमणी. तरी पोहणाऱ्याला जवळजवळ पाचपट वेळ लागला. ही पाण्याने घेतलेली वसुली होय.

दुसरी गोष्ट श्वासाची. जमिनीवर आपण केव्हाही श्वास घेऊ शकतो. पोहताना मात्र तोंड पाण्याबाहेर येईल त्याच क्षणी तो घ्यावा लागतो आणि पाण्यात असताना सोडावा लागतो. छातीवर चहूबाजूंनी पाण्याचा दाब असतो, त्यामुळे श्वास घेणाऱ्या स्नायूंनाही निराळे श्रम पडतात. हाच दाब हातापायांतील रक्त छातीकडे लोटतो. हृदयाला एका ठोक्यात अधिक रक्त पुढे पाठविता येते आणि तेवढ्याच श्रमांना ठोके काहीसे कमी पडतात. जमिनीवर पाय राबतात तेव्हा हातांना पुष्कळदा विसावा असतो. पोहण्यात खांदे, पाठ, पोट, मांड्या या सर्वांना एकाच वेळी कामाला लागावे लागते.

तिसरी गोष्ट उष्णतेची. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट अधिक वेगाने शरीराची उष्णता ओढून घेते. पोहून आल्यावर कडकडून भूक लागते, याचे एक कारण हे असावे. पोहताना घाम येत नाही अशी पुष्कळांची समजूत असते, पण ती खरी नव्हे. घाम येतो, तो पाण्यात मिसळून जातो म्हणून दिसत नाही इतकेच. यास्तव हैदराबादच्या उन्हाळ्यात पोहून बाहेर आल्यावर पाणी पिण्यास विसरू नये.

ऊर्जेचा हिशेबही पाहू. स्वस्थ बसले असताना शरीर जेवढी ऊर्जा खर्च करते ती एक मात्रा मानली, तर झपझप चालताना सुमारे ४ मात्रा लागतात, सावकाश पोहताना सुमारे ६, ताशी ८ किलोमीटर वेगाने धावताना सुमारे ८ आणि जोराने पोहताना सुमारे १०. तेव्हा "मेहनत ती कसली?" या प्रश्नाचे उत्तर मिळाले. पाण्यात भार हलका होतो, श्रम हलके होत नाहीत.

एवढे वाचून आमचा जलतरणपटू विजयाने हसला असेल. त्याने थोडा धीर धरावा. आता जमिनीची बाजू मांडावयाची आहे आणि तीही काही दुबळी नाही.

आपले हाड म्हणजे भिंतीतील निर्जीव दगड नव्हे. ते जिवंत आहे. ते रोज थोडे झिजते आणि रोज थोडे नव्याने घडते. किती घडावयाचे हे त्याच्यावर पडणाऱ्या भारावरून ठरते. धावताना प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट आघात पायावर बसतो. निरोगी मुलाच्या हाडांना हा आघात म्हणजे एक हाकच असते. ती ऐकून हाडे बळकट होऊ लागतात. हाक थांबली की काय होते, हे अंतराळवीरांच्या अनुभवावरून दिसून आले आहे. अंतराळयानात भाररहित अवस्थेत राहणाऱ्या माणसाच्या कंबर-मांडीच्या हाडांतील द्रव्य दर महिन्याला शेकडा एक ते दीड इतके घटत जाते. म्हणून अंतराळातही त्यांना रोज व्यायाम करावा लागतो. पाण्यात आपण थोडेफार अंतराळवीरच असतो. केवळ पोहण्याचाच व्यायाम करणाऱ्याचे हृदय आणि स्नायू उत्तम होतात, परंतु हाडांना जी हाक हवी ती पुरेशी मिळत नाही. हाडांच्या बळाची बहुतेक सारी पुंजी विशीच्या आसपास जमून जाते. पुढे आयुष्यभर आपण ती खर्चच करीत असतो. हे ध्यानात घेतले म्हणजे शाळकरी वयातील उड्या, दोरीवरचे खेळ, खो-खो, कबड्डी, लंगडी यांना केवळ करमणूक म्हणणे किती चुकीचे आहे ते कळेल.

शिवाय जमिनीच्या व्यायामाला साधन लागत नाही. अंग पसरता येईल एवढी जागा मिळाली की सूर्यनमस्कार घालता येतो. त्याला ना शुल्क, ना वेळापत्रक. आपल्या महाराष्ट्रात तालमीची आणि मल्लखांबाची जी परंपरा वाढली, ती गरिबाच्या मुलालाही मोकळी होती. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव अशाच मातीत घडले आणि १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताला मिळालेले ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

मग उत्तर काय? माती श्रेष्ठ की पाणी? या प्रश्नाचे उत्तर मला एका माणसाच्या चरित्रात सापडले. त्याचा संबंध महाराष्ट्राशी तर आहेच, पण आपल्या या जुळ्या शहरांशीही आहे.

मुरलीकांत पेटकर हे सांगली जिल्ह्यातील पेठ-इस्लामपूरचे. ते सैन्यात दाखल झाले आणि ई. एम. ई. या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अभियांत्रिकी दलात जवान झाले. या दलाचे मोठे केंद्र आपल्या सिकंदराबादेस आहे आणि पेटकरही तेथेच होते. त्यांचा खेळ मुष्टियुद्धाचा. मुष्टियुद्ध म्हणजे अस्सल जमिनीवरचा खेळ. पाय घट्ट रोवल्याशिवाय ठोसा बसत नाही. अशा या तगड्या जवानाला १९६५ च्या भारत-पाक युद्धात गोळ्या लागल्या. प्राण वाचले, परंतु कायमचे अपंगत्व आले. ज्या पायांच्या जोरावर सारी विद्या उभी होती, ते पायच निकामी झाले. जमिनीने जणू त्यांच्याकडे पाठ फिरविली.

उपचारांचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले. जो भार जमिनीवर त्यांच्या शरीराला पेलवत नव्हता, तो पाण्याने उचलून धरला. हातांना, खांद्यांना आणि छातीला मात्र पाण्याने मुळीच सूट दिली नाही. जिद्द त्यांच्यापाशी होतीच. १९७२ साली पश्चिम जर्मनीतील हायडेलबर्ग येथे अपंगांची जागतिक क्रीडास्पर्धा भरली. तिलाच आज आपण पॅरालिंपिक म्हणतो. तेथे ५० मीटर मुक्त शैलीची शर्यत पेटकरांनी ३७.३३ सेकंदांत जिंकली. तो विश्वविक्रम ठरला. पॅरालिंपिकमध्ये भारताला मिळालेले ते पहिले सुवर्णपदक. त्याच स्पर्धेत ते भालाफेकीतही उतरले होते, हे विसरू नये. २०१८ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली.

विद्यार्थी मित्रहो, या चरित्रातून मी एवढेच शिकले की, व्यायामांमध्ये थोरला-धाकटा असा क्रम नसतो. आपल्या शरीराला या घटकेला काय हवे आहे, हा खरा प्रश्न असतो. ज्याला भार हवा आहे त्याला जमीन हवी. ज्याला आधार हवा आहे त्याला पाणी हवे. वाढत्या वयाच्या मुलाला दोन्ही हवीत. ज्या आजीचे गुडघे जिना चढताना कुरकुरतात, तिला धावायला सांगणे हा छळ ठरेल. परंतु छातीइतक्या पाण्यात, कोणाचा तरी हात धरून, तीच आजी पंधरा-वीस मिनिटे सहज चालू शकेल. पोहता येण्याचीही गरज नाही. अर्थात असे काही आरंभण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. दम्याच्या किंवा हृदयाच्या विकाराच्या माणसाने तर घ्यावाच.

आता या विषयाची एक गंभीर बाजू. पोहणे आणि इतर व्यायाम यांत एक भेद असा आहे की, त्याला मात्रांच्या हिशेबात बसविता येत नाही. सूर्यनमस्कार न येणारा मनुष्य कदाचित थोडा अशक्त राहील. पोहता न येणारा मनुष्य एखाद्या क्षणी जिवाला मुकू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ या एका वर्षात जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मरण पावली. त्यांतील जवळजवळ एकचतुर्थांश पाच वर्षांच्या आतील बालके होती. याच कारणाने संयुक्त राष्ट्रसंघाने २५ जुलै हा दिवस बुडण्यापासून बचावाचा जागतिक दिवस म्हणून पाळावयाचे ठरविले.

आपले हैदराबाद हे तळ्यांचे शहर. १५६२ च्या सुमारास इब्राहिम कुतुबशाहच्या अमदानीत हुसेनसागर बांधला गेला. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर आला आणि हजारो माणसे दगावली. उस्मानिया रुग्णालयाच्या आवारातील जुन्या चिंचेच्या झाडावर चढून त्या दिवशी दीडशेच्या आसपास माणसे वाचली, ही हकीकत येथील जुन्या कुटुंबांत अजून सांगितली जाते. अशा लोंढ्यापुढे पट्टीच्या पोहणाऱ्याचेही काही चालत नाही. तेथे धरणेच हवीत. ती पुढे बांधली गेली: १९२० साली उस्मानसागर आणि १९२७ साली हिमायतसागर. परंतु आज आपल्या मुलांचे जीव जातात ते महापुरात नव्हे. ते जातात उन्हाळ्याच्या शांत दुपारी, शहराच्या कडेच्या सोडून दिलेल्या दगडखाणींत आणि तळ्यांत. वरून पाणी आरशासारखे दिसते. खाली एकदम खोल कडा असतो अगर गाळ असतो. एक मुलगा बुडू लागतो आणि त्याला वाचविण्यासाठी दुसरा उडी घेतो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात दोघांची नावे येतात. शिक्षिका या नात्याने ती नावे वाचताना माझी नजर प्रथम वयाच्या आकड्याकडे जाते. पंधरा, सोळा, चौदा. माझ्या वर्गातल्याच मुलांची ही वये.

माझे बालपण गोमंतकात गेले. आमच्या गावच्या झऱ्याच्या तळीत मुले पोहावयास शिकत, तेव्हा दोन असोले नारळ काथ्याने एकत्र बांधून ते छातीखाली घेण्याची रीत होती. सोडण न काढलेला नारळ पाण्यात सुरेख तरंगतो. मला मावशीने शिकविले. मी घाबरून तळीच्या काठालाच चिकटून राहिले, तेव्हा ती आमच्या कोंकणीत म्हणाली होती की, उदकाची भीती उदकातच जाते. पण हे सांगताना तिने स्वतः कमरेइतक्या पाण्यात उभे राहून माझा हात धरला होता, हे महत्त्वाचे. शिकविणारे माणूस जवळ असल्याखेरीज पाण्यात उतरू नये, हा तिचा दुसरा नियम होता. आणि तो तिने आम्हांला कधीच मोडू दिला नाही.

मुलींच्या पालकांना येथे दोन शब्द सांगावेसे वाटतात. मुलांना तलावावर आवर्जून पाठविणारी काही कुटुंबे मुलीच्या वेळी मात्र विचारात पडतात. पाणी बुडविताना मुलगा-मुलगी असा भेद करीत नाही. २९ सप्टेंबर १९५९ रोजी बंगालच्या आरती साहा इंग्लिश खाडी पोहून गेल्या. हा पराक्रम करणाऱ्या त्या आशियातील पहिल्या महिला. आपल्या हैदराबादच्या श्यामला गोली यांनी २०२१ च्या मार्च महिन्यात श्रीलंकेपासून भारताच्या किनाऱ्यापर्यंत पाल्कची सामुद्रधुनी पोहून पार केली. अंतर सुमारे ३० किलोमीटर, वेळ तेरा तासांहून अधिक. आणि त्या वेळी त्यांनी चाळिशी केव्हाच ओलांडलेली होती. ज्या शहराला समुद्र नाही त्या शहरातली एक प्रौढ स्त्री समुद्र पोहून जाते, तर आपल्या मुलीने तलावाची एक लांबी पार करावी, ही अपेक्षा काही फार मोठी नव्हे.

आता थोडे व्यवहाराचे. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा की, ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी एक तास अंग हलवावे आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारा व्यायाम करावा. ज्यांना तलाव जवळ आहे आणि परवडतो त्यांनी आठवड्यातून दोन-तीन दिवस पोहावे. उरलेल्या दिवशी मैदानावर यावे. ज्यांना तलाव परवडत नाही त्यांनी मुळीच खंत करू नये. सूर्यनमस्कार, दोरीवरच्या उड्या आणि मैदानी खेळ एवढ्याने शरीर उत्तम घडते. मात्र एखाद्या उन्हाळ्यात, एकच महिना का होईना, जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली पोहणे शिकून घ्यावे. सायकलप्रमाणेच ही विद्याही एकदा अंगी मुरली म्हणजे सहसा विसरत नाही.

तीन नियम मात्र पाठ करून ठेवा. अनोळखी पाण्यात, मग ते कितीही उथळ दिसो, उतरू नये आणि सूर तर कधीच मारू नये. एकट्याने पोहू नये. कोणी बुडत असेल तर स्वतः उडी न घेता आधी मोठ्याने हाका मारून माणसे गोळा करावीत. काठावरूनच दोर, काठी, ओढणी जे मिळेल ते पुढे करावे, किंवा झाकण लावलेला रिकामा डबा त्याच्याकडे फेकावा. बुडणारा मनुष्य भीतीने वाचविणाऱ्यालाच मिठी मारतो. अशा वेळी नुसते पोहता येणे पुरत नाही.

असो. नववीच्या त्या दोघा मित्रांना माझा निकाल असा आहे. जलतरणपटूने सोमवारपासून खो-खोच्या मैदानावर हजर राहावे. त्याच्या हाडांना जमिनीची हाक ऐकू येऊ द्यावी. खो-खोपटूने येत्या उन्हाळ्यात आपल्या मित्राबरोबर तलावावर जाऊन पोहण्याचे पहिले धडे घ्यावेत. आजोबांनाही सोबत न्यावे. पहाटे सूर्यनमस्कार घालणाऱ्या आजोबांना कमरेइतक्या पाण्यात चालावयाची लाज वाटणार नाही, अशी माझी खात्री आहे. पुढल्या वर्षी हा वाद पुन्हा निघाला, तर दोघांनीही दोन्ही बाजूंनी बोलावे. तोवर मीही स्वस्थ बसणार नाही. फळ्यापुढे उभे राहून राहून माझेही गुडघे आता थोडे बोलू लागले आहेत.